कंपोस्टच्या डब्यात हवा खेळती ठेवायची तर

कंपोस्टच्या डब्याला वास यायला लागला की बहुतेकांचा हात आधी ड्रिलकडे जातो. भिंतीत दहा-वीस भोकं पाडली की हवा आत जाईल आणि प्रश्न मिटेल, असा हिशोब असतो. भोकं लागतातच, त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय. पण ज्या डब्यातला माल बसून, चिकटून गच्च झालाय, त्याची अख्खी भिंत जाळीची केली तरी हवा कडेच्या चार बोटांपलीकडे फारशी पोचत नाही. ती भिंतीतून आत येते, पण राहते कचऱ्याच्या तुकड्यांमधल्या फटींत. या फटी तयार करणं आणि टिकवणं हेच खरं काम आहे. म्हणून इथे क्रम मुद्दाम असा ठेवलाय: आधी माल, मग पाणी, मग डबा, आणि ढवळणं त्यानंतर.

आत नेमकं काय बिघडतं

कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांत ऑक्सिजनवर जगणारे असतात, तसे त्याच्याविना भागवणारेही असतात. पहिले झपाट्याने काम करतात, उष्णता तयार करतात आणि मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ सोडतात. या दोन्हींना वास नसतो. ऑक्सिजन कमी पडला की दुसऱ्यांचं राज्य सुरू होतं. ते सावकाश कुजवतात, आंबट आम्लं तयार करतात आणि गंधकाचे वायू सोडतात. सडक्या अंड्याचा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. सोबत मिथेनही तयार होतो, पण त्याला वास नसल्यामुळे तो कळत नाही.

बाहेरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. ढिगातल्या फटींमध्ये तो ५ टक्क्यांच्या खाली घसरला की घोटाळा सुरू होतो. १० टक्क्यांच्या वर राहिला तर निर्धास्त असावं. आता यात पाणी कुठे येतं ते बघा. ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. म्हणजे फट आहे, पण ती पाण्याने भरली आहे, तर ती नसल्यातच जमा. हवेचा प्रश्न आणि ओलाव्याचा प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत, ते यामुळे.

हवेशिवाय कुजवायच्या पद्धतीही आहेत हे खरं. खड्डा भरून वरून चिखलाने लिंपून टाकायची बंगळूर पद्धत त्यातलीच. पण ती खड्ड्यासाठी आहे आणि तिला वेळ जास्त लागतो. बागेच्या कोपऱ्यात, घराच्या दारापासून पाच-दहा पावलांवर ठेवलेल्या डब्यात हवेवर चालणारं कंपोस्टच सोयीचं.

पहिली पायरी: डबा तपासा

काहीही बदलण्याआधी आत काय चाललंय ते बघून घ्या. त्यासाठी एक लांब लोखंडी गज पुरतो. तो डब्याच्या मधोमध, अगदी तळाला टेकेपर्यंत खुपसा. सहज गेला तर माल मोकळा आहे; अंगाचा भार टाकावा लागला तर गच्च बसलाय. पाच-सात मिनिटं तसाच राहू द्या आणि मग बाहेर काढा. टोकापासून वरपर्यंत हात लावून बघा. मधला भाग कोमट किंवा गरम लागला तर काम चालू आहे. टोकाला काळा, बुळबुळीत चिखल चिकटून आला आणि त्याला गटाराचा वास असेल, तर तळाशी हवा पोचत नाही. वरचा भाग कोरडा आणि खालचा चिखल असा प्रकार नव्या डब्यांत फार दिसतो. वरून बघणाऱ्याला वाटतं सगळं सुकलंय, म्हणून तो आणखी पाणी ओततो आणि तळ आणखी बुडतो.

वासांमधला फरकही शिकून घ्यावा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास किंवा सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा कमी. डोळ्यांत चुरचुरणारा अमोनियाचा वास मात्र वेगळं सांगतो: नत्र जास्त झालंय, म्हणजे ताजं गवत, ओला कचरा किंवा शेण प्रमाणाबाहेर पडलंय. तिथे कितीही भोकं पाडली तरी फरक पडणार नाही, उलट अमोनिया जास्तच उडेल. त्यावर उपाय सुक्या पाल्याचा. मातीसारखा, पावसानंतरच्या रानासारखा वास आला तर डब्याला हात लावू नका.

अळ्या दिसल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. मोठ्या, करड्या-तपकिरी, चपट्या अळ्या बहुधा काळ्या सोल्जर माशीच्या असतात आणि त्या कचरा भराभर खातात. पण त्यांची गर्दी झाली तर एवढं समजा की ओला कचरा उघडा पडतोय आणि आत ओल जास्त आहे.

बादलीची चाचणी

गजाने अंदाज येतो. आकडा हवा असेल तर १० लिटरची एक बादली घ्या. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पांवर वापरली जाणारी ही चाचणी घरी सहज करता येते, आणि हवेची जागा किती आहे हे तिच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कशानेच दिसत नाही.

डब्याच्या मधल्या आणि खालच्या भागातला माल काढा, वरचा नको. बादली एक तृतीयांश भरा आणि वीतभर उंचीवरून जमिनीवर दहा वेळा आपटा. दोन तृतीयांश भरा, पुन्हा दहा वेळा. काठोकाठ भरा, पुन्हा दहा वेळा, आणि जेवढा माल खाली बसला तेवढा वरून घालून बादली काठाशी आणा. हे आपटणं म्हणजे डब्यात स्वतःच्या वजनाने माल जसा दबतो त्याची नक्कल. आता मापाने पाणी ओतत जा, काठापर्यंत. हलके तुकडे तरंगून वर आले तर जाळीच्या तुकड्याने दाबून धरा. जेवढं पाणी मावलं तेवढी आत हवेची जागा होती.

१० लिटरच्या बादलीत ५ ते ६ लिटर पाणी मावलं तर उत्तम. ४ लिटरच्या खाली आलं तर माल गच्च आहे, त्यात जाड काहीतरी मिसळायलाच हवं. ६ लिटरच्या बऱ्याच वर गेलं तर उलटी अडचण: माल इतका विरळ की ऊब टिकणार नाही आणि तो लवकर सुकेल. चाचणी झाल्यावर पाणी झाडांच्या आळ्यात ओता आणि माल निथळून मगच परत डब्यात टाका.

दुसरी पायरी: मालाला हाडं द्या

फटी टिकवायच्या तर ढिगात काहीतरी असं हवं जे ओलं झाल्यावरही चेपत नाही आणि लवकर कुजतही नाही. छाटलेल्या फांद्यांचे बोटभर तुकडे, लाकडाच्या ढलप्या, मक्याची रिकामी कणसं, नारळाच्या शेंड्या, सूर्यफुलाचे दांडे, अशा गोष्टी. यांच्याकडून कुजण्याची अपेक्षा करू नका. त्यांचं काम टेकू देण्याचं आहे.

तुकड्यांचा आकार १ ते ५ सेंटिमीटर असावा. फार बारीक केलं तर जंतूंना खायला पृष्ठभाग जास्त मिळतो, पण फटी इतक्या चिमुकल्या होतात की पाणी त्यांत अडकून बसतं. स्वयंपाकघरातला कचरा मिक्सरमधून काढून टाकायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो. तो मला पटत नाही. त्या लगद्यात हवेला शिरायला जागाच उरत नाही. सुरीने जाड कापलेली सालं आणि देठं पुरेशी आहेत.

सुका माल म्हणून हाताशी जे येईल ते सगळं सारखं नसतं. वाळलेला पालापाचोळा उत्तम, पण मोठी, सपाट पानं ओली झाली की एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा तयार होतो आणि पाणी-हवा दोन्ही अडतं. हाताने चुरगाळून किंवा पायाने तुडवून टाकली की हा त्रास जातो. ताजं कापलेलं गवत जाड थरात टाकलं तर एक-दोन दिवसांत त्याची हिरवी, गरम, चिकट वडी होते. ते नेहमी पसरून, सुक्यात मिसळून टाकावं. लाकडाचा भुसा ओल शोषतो खरा, पण फटी तयार करत नाही, उलट असलेल्या बुजवतो. त्यात कर्बाचं प्रमाणही नत्राच्या काहीशे पट असतं, त्यामुळे जास्त पडला तर कुजणंच मंदावतं. कोकोपीटची गोष्ट भुशासारखीच: पाणी धरून ठेवतं, टेकू देत नाही. वास दाबायला वरून मूठभर टाकायला ठीक. पुठ्ठा चालतो, पण सपाट तुकडे करून नको. हाताने फाडून, मुडपून टाकला तर घड्यांमध्ये हवा राहते. अंड्यांचे कागदी ट्रे या कामाला फार चांगले. चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकचा थर मात्र आधी सोलून काढा.

प्रमाण किती? आकारमानाने एक भाग ओल्याला दोन ते तीन भाग सुकं, हा चालू हिशोब आहे आणि तो बरोबर आहे. पण मूठभर पाचोळा टाकून बरेच जण थांबतात, म्हणून वजनाचा हिशोब एकदा मांडून दाखवतो. फळा-भाज्यांच्या कचऱ्यात साधारण ८० टक्के पाणी असतं. म्हणजे १ किलो कचऱ्यात ८०० ग्रॅम पाणी. वाळलेल्या पानांत १५ टक्के ओल धरली, तर सगळ्या मिश्रणाची ओल ६० टक्क्यांवर आणायला त्या १ किलोमागे जवळपास ४५० ग्रॅम सुकी पानं लागतात. ४५० ग्रॅम सुकी पानं तराजूवर ठेवून बघा एकदा. भली मोठी पिशवी भरते. डब्याशेजारी सुक्या पानांचं एक पोतं कायम भरलेलं असावं, असं जे सांगतात ते उगीच नाही. पानगळीच्या दिवसांत साठवून ठेवलं की वर्षभर निघतं.

तिसरी पायरी: ओल हाताळा

ओल वजनाच्या ४० ते ६० टक्के असावी. मोजायला मूठ पुरते. मधला माल मुठीत घेऊन घट्ट दाबा. बोटांमधून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर ओल जास्त. मूठ उघडल्यावर गोळा लगेच भुसभुशीत विस्कटला आणि हात कोरडाच राहिला तर कमी.

लक्षात घ्या, डब्यात तुम्ही एक थेंबही पाणी घातलं नाही तरी पाणी होतंच. सालं-देठं कुजली की त्यांच्या पेशींतलं पाणी सुटतं आणि खाली उतरतं. म्हणून तळाला निचरा नसलेला डबा आज ना उद्या बुडणारच, त्यात कितीही काळजीने कचरा टाका. काळं पाणी साचलं असेल तर आधी ते काढा, मग बाकीचे उपाय. पाऊस थेट आत पडत असेल तर झाकण किंवा वर पत्र्याचा आडोसा हवा.

चौथी पायरी: आता ड्रिल घ्या

डब्यातली हवा पंख्यावाचून हलते ती उष्णतेमुळे. आतला माल तापतो, त्यातली हवा गरम आणि दमट होते, हलकी होऊन वर जाते, आणि तिची जागा घ्यायला खालून थंड हवा ओढली जाते. धुराड्याचंच तत्त्व. हे एकदा डोक्यात बसलं की भोकं कुठे पाडायची ते वेगळं सांगावं लागत नाही: आत येणारी तळाला, बाहेर जाणारी वर. नुसती मधल्या उंचीवर भोकं पाडून ठेवली तर हा ओढा तयारच होत नाही.

सुरुवात तळापासून करा. डबा जमिनीला चिकटलेला असेल तर तळाची भोकं निरुपयोगी. विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर ठेवून खाली किमान ५-१० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. मग तळाला १० मिलिमीटरच्या बिटने डझन-दीड डझन भोकं पाडा. त्यांतून निचराही होईल. भिंतीवर सगळ्यात खालची ओळ तळापासून चार-पाच बोटांवर, त्याच्या वर दर १०-१५ सेंटिमीटरवर एकेक ओळ, आणि खालच्या-वरच्या ओळींतली भोकं एकाखाली एक न येता मधोमध येतील अशी. प्लॅस्टिकच्या पिंपाला ड्रिल मारताना जोर लावू नका, कडा फाटतात. बिटला हळूहळू कापू द्या आणि आतून निघालेले प्लॅस्टिकचे कीस उचलून टाका, ते मातीत जायला नकोत.

वरची भोकं झाकणात न पाडता झाकणाच्या खालोखाल भिंतीत पाडली तर पाऊस आत येत नाही. झाकण घट्ट फिरकीचं असेल तर काठावर लाकडाचे दोन-तीन तुकडे ठेवून ते बोटभर उचललेलं ठेवा.

जाळीचं काय? उंदीर येत असतील तर ६ मिलिमीटर किंवा त्याहून लहान भोकांची धातूची जाळी तळाला हवीच. प्लॅस्टिकची जाळी ते कुरतडतात. माश्या आणि चिलटांसाठी मच्छरजाळी लावायची तर बाहेरून लावा. आतून लावलेली जाळी थोड्याच दिवसांत ओल्या मालाने लिंपली जाते आणि मग भोक असून नसल्यासारखं. बाहेरची ब्रशने झाडता येते. बारीक जाळीने हवा थोडी अडतेच, तेव्हा जाळी लावणार असाल तर भोकं थोडी जास्त पाडा.

तळ नसलेला, थेट मातीवर ठेवायचा डबा असेल तर गांडुळं आपोआप वर येतात, हा फायदा मोठा आहे. पण खालून हवा येत नाही. तिथे तळाच्या जाळीवर वीतभर जाड फांद्यांचा आडवातिडवा थर टाका आणि भिंतीची खालची ओळ त्या थराच्या उंचीवर पाडा. मग हवा त्या थरातून सगळीकडे फिरते. खरं तर हा फांद्यांचा थर कुठल्याही डब्यात हवा. कचरा थेट तळावर पडला की पहिली भोकं तिथेच बुजतात.

मधली नळी

मोठ्या पिंपात मध्यभाग ही कायमची दुखरी जागा. २०० लिटरच्या पिंपाचा व्यास साधारण ५७ सेंटिमीटर असतो, म्हणजे मध्यबिंदू भिंतीपासून २८ सेंटिमीटरवर. मधोमध ११० मिलिमीटरची भोकं पाडलेली नळी उभी केली, तर कुठलाही भाग भिंतीपासून किंवा नळीपासून जेमतेम १२ सेंटिमीटरवर येतो. अंतर निम्म्याहून कमी. एवढ्या स्वस्तात एवढा फरक दुसरा कुठलाच उपाय करत नाही.

फक्त नळी कसली वापरायची यावर माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे पीव्हीसीच सुचवतात. पण हिशोब करा: ८० सेंटिमीटर लांबीच्या ११० मिलिमीटर पाइपवर १२ मिलिमीटरची ६० भोकं पाडलीत, तरी उघडी जागा सुमारे अडीच टक्केच. बाकी सगळं बंद प्लॅस्टिक. त्याऐवजी धातूच्या जाळीचा तुकडा गुंडाळून, तारेने शिवून पोकळ नळकांडं केलं तर तेवढ्याच जागेत बहुतेक सगळा पृष्ठभाग उघडा मिळतो. जाळी नसेल तर सरळ, जाड काड्यांची मनगटाएवढी मोळी बांधून उभी करा, तीही बरं काम करते. नळी काहीही असो, तिचं खालचं तोंड तळाच्या भोकांवर किंवा फांद्यांच्या थरात उघडं असलं पाहिजे आणि वरचं मालाच्या वर. वरच्या तोंडावर उलटी वाटी किंवा जाळी ठेवा, नाहीतर कचरा टाकताना तीच आधी भरते.

ढिगात उभी वाट ठेवण्याची कल्पना नवी नाही. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला जी पद्धत बसवली, तिच्यात पहारीने ढिगात उभी भोकं पाडायची असत. नाडेप टाकीत तर विटांच्या भिंतीतच फटी ठेवतात आणि ढवळत नाहीत. पण तिथे कंपोस्ट तयार व्हायला तीन-चार महिने दिलेले असतात आणि भरताना सुक्या काडीकचऱ्याचा वाटा भरपूर असतो, हे विसरून नुसत्या फटींची नक्कल करू नये.

पाचवी पायरी: भरणं

थरांवर थर रचायची चित्रं सगळीकडे दिसतात. घरच्या डब्यात ती फारशी उपयोगाची नाहीत. ओल्याचा वेगळा थर म्हणजे हवा न जाणारी पट्टी. ओला कचरा टाकला की दुप्पट-तिप्पट सुकं टाका आणि दाताळ्याने वरच्या वीतभर भागात दोन्ही कालवून घ्या, मग वरून सुक्याचं चार बोटं पांघरूण. पांघरूण कालवायचं नाही, ते माश्यांसाठी आणि वासासाठी आहे. कालवलेला माल हाताने दाबून जागा करू नका. डबा भरला असं वाटलं तरी दोन दिवसांत तो खाली बसतोच.

उंचीचीही मर्यादा आहे. मीटरभर उंच, मीटरभर रुंद ढीग गरम व्हायला पुरेसा असतो. दीड मीटरच्या वर गेला की वरच्या वजनाने तळ चेपतो आणि सगळी मेहनत वाया.

सहावी पायरी: ढवळणं, पण कशासाठी

ढवळल्याने ऑक्सिजन मिळतो हे खरं, पण तो फार टिकत नाही. जोरात काम चालू असलेल्या ढिगात ढवळताना शिरलेला ऑक्सिजन काही तासांतच संपतो. म्हणजे आठवड्यातून एकदा ढवळून आठवडाभराची हवा भरून ठेवता येत नाही. मग ढवळायचं कशाला? बसलेला माल पुन्हा फुगवायला, बुजलेल्या फटी उघडायला, कडेचा कोरडा माल मधे आणि मधला कडेला न्यायला, चिकटलेले गोळे फोडायला. फटी उघडल्या की पुढची हवा आपली आपण येत राहते. त्यामुळे ढवळताना नुसतं गोल फिरवू नका. दाताळं खालपर्यंत घालून माल उचला, झटका आणि सोडा. खोल, अरुंद डब्यात दाताळं चालत नसेल तर सगळा माल ताडपत्रीवर ओतून परत भरणं सोपं पडतं. गोळेही तेव्हाच हाताशी येतात. त्यातला एखादा फोडून बघा: बाहेरून तपकिरी आणि आत हिरवट-काळा, वास मारणारा असतो. तेवढ्याशा गोळ्यातही मध्यभागी हवा पोचलेली नसते.

पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून एकदा, नंतर पंधरवड्याने, एवढं पुरतं. मधल्या दिवसांत गजाने सात-आठ ठिकाणी तळापर्यंत भोसकून, थोडा हलवून बाहेर काढला तरी बरीच वाट मोकळी होते. फिरवायचे ड्रम मिळतात त्यांच्याबद्दल एक सूचना: ओला माल त्यांत गडगडून गोळे होतात. फिरवणं सोपं आहे म्हणून सुक्या मालात कसर करू नका, उलट तिथे तो जास्त लागतो.

फार दिवस बंद राहिलेला, कोरडा, बुरशी आलेला माल उपसताना धूळ उडते आणि तिच्यात बुरशीचे बीजाणू असतात. आधी पाणी शिंपडा, नाका-तोंडावर मास्क लावा. दमा असणाऱ्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवलेलं बरं.

गांडूळखताच्या पेटीला यातलं ढवळण्याचं प्रकरण लागू नाही. तिथे ते काम गांडुळं करतात, आणि माल गरम झाला तर ती मरतात. पातळ थर, सैल अंथरूण आणि निचरा एवढं तिथे बघायचं.

हवा जास्तही होऊ शकते

लहान डब्याला चारी बाजूंनी मोठी भोकं आणि वर कोरडा वारा, असं झालं की माल सुकतो आणि कुजणं थांबतं. आतल्या मालावर राखेसारखी पांढरट भुकटी आणि हात लावला तर कोरडं, हे त्याचं लक्षण. अशा वेळी पाणी शिंपडत ढवळा आणि वाऱ्याच्या बाजूची निम्मी भोकं पुठ्ठ्याने झाका. वारा आणि ऊन मोसमाप्रमाणे बदलतं, तेव्हा भोकं कायमची बुजवू नयेत.

मत्स्यपेटीचा छोटा पंप लावून हवा सोडण्याचे प्रयोग बरेच जण करतात. पंख्याने हवा देणं मोठ्या कंपोस्ट प्रकल्पांत चालतं, पण तिथे ढीगही प्रचंड असतात. घरच्या डब्यात पंपाची हवा मिळेल त्या एका वाटेने निघून जाते आणि ती वाट सुकवते. विकतच्या कल्चरबद्दलही हेच सांगेन: जंतू कचऱ्यावर आधीच असतात. त्यांना हवा मिळत नसेल तर आणखी जंतू ओतून काय होणार?

दुरुस्तीनंतर काय दिसेल

बिघडलेला डबा उपसून, सुकं मिसळून परत भरला की पहिल्या दिवशी वास वाढेल. आत कोंडलेले वायू बाहेर पडतात, त्याने दचकू नका. एक-दोन दिवसांत तो उतरायला हवा. डबा मोठा असेल तर दोन-तीन दिवसांत मध्यभाग चांगला गरम लागेल. ५० ते ६० अंश सेल्सिअस झालं तर छानच, आणि ६५ अंशांच्या वर जाऊ लागलं तर ढवळून थोडं उतरवा, कारण त्यापुढे कामाचे जंतूच मरायला लागतात. लहान डबा इतका तापत नाही. कोमट लागला तरी पुरे. आठवडा उलटूनही वास तसाच असेल तर बादलीची चाचणी पुन्हा करा. बहुतेक वेळा सुकं कमी पडलेलं असतं किंवा तळाचा निचरा बुजलेला असतो, आणि याच क्रमाने बघावं.

ढवळूनही डबा तापत नाही, कचरा ओळखू येत नाही आणि मातीचा वास येतो, अशी वेळ आली की हवेची भूक संपत आलेली असते. आता महिनाभर तसंच राहू द्या, पण झाकून, ओलसर ठेवा. मग चाळा. चाळणीवर राहिलेल्या काड्या, ढलप्या, शेंड्या टाकून देऊ नका. त्यांना जंतू आधीच चिकटलेले असतात आणि टेकू द्यायला त्या अजून भक्कम असतात. नव्या डब्याचा तळाचा थर त्यांचाच करा.